‘किरकोळ जखमी’ या रकान्यातील माणसांसाठी : रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, रायगड
अलिबाग



मुंबई–गोवा महामार्गावर पनवेल ते पोलादपूर या पट्ट्यात कुठेही अपघात झाला, किंवा वडखळ–अलिबाग, साळाव–मुरूड, माणगाव–दिघी अशा किनाऱ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यांवर झाला, की दुसऱ्या दिवशी तीन आकडे छापून येतात : मृत, गंभीर जखमी आणि किरकोळ जखमी. मृतांच्या वारसांना मदत जाहीर होते, गंभीर जखमींना कळंबोली-कामोठ्याकडे किंवा थेट मुंबईला हलवले जाते. किरकोळ जखमी मात्र मलमपट्टी करून, दोन गोळ्या घेऊन त्याच रात्री घरी जातात, आणि त्यानंतर त्यांचे काय झाले हे कोणत्याही सरकारी कागदावर येत नाही. हे पत्र त्या तिसऱ्या रकान्याविषयी आहे. माझे म्हणणे एवढेच, की या किनारपट्टीवर अपघातग्रस्ताची नुकसानभरपाई न्यायालयात जाऊन बुडते असे आपण समजतो, पण बहुतेकदा ती त्याआधीच, पहिल्या पंधरवड्यात, कागद नीट न झाल्याने बुडालेली असते. आणि तो कागद नीट करून घेण्याची जागा, कायद्याने आणि पदाने, मोठ्या प्रमाणात आपल्या कार्यालयाकडे आहे.

गाडीच्या अपघातात माणसाला जे लागते त्यातले पुष्कळसे मुका मार असते. रक्त वाहत नाही, कातडी फाटत नाही. स्टिअरिंग छातीवर बसते, गुडघे डॅशबोर्डवर आदळतात आणि त्या धक्क्याने खुबा निखळू शकतो. मिनीडोर रिक्षाच्या आडव्या दांड्यावर पोट आपटते. दुचाकीवरून फेकल्या गेलेल्याचे डोके हेल्मेट असूनही आतून हलते. पांथरी फाटली तर रक्त पोटात साचत जाते आणि माणूस कधी काही तासांनी, कधी काही दिवसांनी कोसळतो. फासळीची बारीक चीर पहिल्या एक्स-रेत दिसेलच असे नाही. वयस्कर माणसाच्या मेंदूभोवती हळूहळू साचणारे रक्त तर दोन-तीन आठवड्यांनी लक्षात येते, जेव्हा तो शब्द विसरू लागतो, चालताना एका बाजूला झुकू लागतो आणि घरचे म्हणतात की वयामुळे होत असेल. हे दुर्मीळ प्रकार नाहीत, आणीबाणीच्या विभागात काम करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला ते ठाऊक असतात. पण अपघाताच्या रात्री ग्रामीण रुग्णालयात एक वैद्यकीय अधिकारी आणि समोर दहा-बारा जखमी असताना, ज्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही त्याच्या नावापुढे ‘साधी दुखापत’ लिहिले जाणे साहजिक आहे. त्या डॉक्टरला मी दोष देत नाही. दोष हा आहे की रात्री घाईत लिहिलेले ते दोन शब्द पुढे कोणी तपासत नाही, आणि त्यांच्यावर एका कुटुंबाचे पुढचे आयुष्य ठरते.

कसे ठरते ते सांगतो, कारण हिशेब मांडल्याशिवाय त्या दोन शब्दांची किंमत कळत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १६४ खाली, कोणाची चूक हे सिद्ध न करता, मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. साध्या दुखापतीला या कलमाखाली काही नाही. गंभीर दुखापत म्हणजे काय हे भारतीय न्याय संहितेचे कलम ११६ सांगते. हाड मोडणे, डोळा जाणे, अवयव निकामी होणे यांच्या जोडीला तिथे आणखी एक प्रकार दिला आहे : जिच्यामुळे जीव धोक्यात येतो, किंवा १५ दिवस तीव्र वेदना होतात अथवा माणूस नेहमीची कामे करू शकत नाही, ती दुखापत. जुन्या दंड संहितेत ही मुदत २० दिवसांची होती. म्हणजे कायदाच मान्य करतो की काही दुखापती किती गंभीर आहेत हे १५ दिवस गेल्याशिवाय कळत नाही. आपण मात्र पहिल्या रात्रीच शिक्का मारून मोकळे होतो आणि सोळाव्या दिवशी त्या माणसाला कोणी पुन्हा बोलावत नाही.

याहून मोठा फरक मोटार वाहन कायद्याच्याच कलम १६६ च्या दाव्यात पडतो. तिथे चालकाची चूक दाखवावी लागते, पण भरपाई माणसाच्या खऱ्या नुकसानीवर ठरते. श्रीवर्धनकडे सुपारीच्या बागेत झाडावर चढण्याचे काम करणारा ३२ वर्षांचा माणूस धरू. महिन्याची कमाई १५ हजार. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी खटल्यातील २०१७ च्या निकालानुसार चाळिशीच्या आतील स्वतंत्र कमावत्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २१ हजार. वर्षाचे २ लाख ५२ हजार. या वयासाठी वर्षाच्या उत्पन्नाला १६ ने गुणायचे, म्हणून ४० लाख ३२ हजार. त्याची कमाईची क्षमता ४० टक्क्यांनी घटली असे ठरले, तर केवळ या एका बाबीखाली १६ लाख १२ हजार ८०० रुपये होतात. उपचाराचा खर्च आणि यातनांची भरपाई वेगळी. आणि क्षमता किती घटली हे शरीराच्या टक्क्यांवर थांबत नाही. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की डावा हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल, पण सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण बुडेल, तेव्हा विचार त्या माणसाच्या कामाचा झाला पाहिजे. आपल्या किनाऱ्यावर हे तत्त्व शब्दशः लागू पडते. कमरेचा मणका दबलेला माणूस दुकानाच्या गल्ल्यावर बसू शकेल. माडावर चढू शकणार नाही, होडीवर जाळे ओढू शकणार नाही. पण पहिल्या कागदावर ‘साधी दुखापत, छातीत व पाठीत दुखणे’ असे असेल, तर तीन महिन्यांनी झालेले एमआरआय घेऊन मोटार अपघात दावा प्राधिकरणासमोर उभ्या राहिलेल्या त्याच माणसाला विमा कंपनीचा वकील एकच प्रश्न विचारतो : हे दुखणे त्याच अपघातातले कशावरून? दुखणे खरे असूनही त्या प्रश्नाला उत्तर देणारा कागद त्याच्याकडे नसतो. आणि घरी गेलेला वयस्कर माणूस महिनाभराने दगावला, शवविच्छेदन न करता अंत्यसंस्कार झाले, तर तो मृत्यू अपघातातला होता हे सिद्ध करणे जवळपास अशक्य होऊन बसते.

कायदा करणाऱ्यांना ही अडचण माहीत होती असे नव्या नियमांवरून दिसते. कलम १५९ नुसार पोलिसांनी अपघाताचा अहवाल तीन महिन्यांत दावा प्राधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा आहे. कलम १६६(४) म्हणते की प्राधिकरणाने तो अहवालच भरपाईचा अर्ज मानावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत याचे वेळापत्रकही आहे : पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, पीडिताला त्याचे हक्क समजावून सांगणारा नमुना क्रमांक २ दहा दिवसांत, रुग्णालयाने वैद्यकीय-कायदेशीर अहवाल १५ दिवसांत पोलिसांना देणे, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. सर्वोच्च न्यायालयाने गोहर मोहम्मद खटल्यात १५ डिसेंबर २०२२ रोजी या वेळापत्रकाची अंमलबजावणी करण्याचे आणि त्यासाठी पोलिसांत प्रशिक्षित पथके नेमण्याचे आदेश राज्यांना दिले. मला यातला सर्वांत मोलाचा कागद नमुना क्रमांक २ वाटतो. वकील, दलाल, विमा प्रतिनिधी यांपैकी कोणीही घरी पोहोचण्याआधी पोलिसाने स्वतः येऊन ‘तुझा हा हक्क आहे’ असे लिहून द्यायचे, ही कल्पना आपल्या प्रशासनात विरळा आहे. तो कागद सोप्या मराठीत छापून किती घरांत पोहोचतो, हा प्रश्न आपण पोलीस अधीक्षकांना एकदा विचारावा, अशी माझी विनंती आहे.

हे विचारणे निकडीचे आहे, कारण मुदत आखडली आहे. पूर्वी दाव्याला कालमर्यादा नव्हती; आता कलम १६६(३) मुळे अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. या तरतुदीला आव्हान दिलेले आहे, आणि तो निकाल होईपर्यंत केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नयेत असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितले आहे. तरीही कोणत्याही कुटुंबाने त्या तात्पुरत्या आधारावर विसंबून राहू नये. कोकणच्या पंचांगात मोजायचे तर गणपतीला गावी येताना झालेल्या अपघाताची मुदत शिमग्याच्या सुमारास संपते. त्यातले पहिले दोन महिने दवाखान्यात जातात, पुढचे दोन उसनवारीत, आणि दावा करता येतो हे कळेपर्यंत बहुधा मुदत सरत आलेली असते.

महामार्गावरच्या अपघातग्रस्तांचे गाव एकीकडे, बिऱ्हाड दुसरीकडे आणि उपचार तिसरीकडे असतात. १९ जानेवारी २०२३ च्या पहाटे माणगाव तालुक्यात रेपोलीजवळ ट्रक आणि ईको गाडीच्या धडकेत नऊ जण जागीच गेले. ते मुंबईकडून गुहागरकडे निघालेले नातेवाईक होते. अशा अपघातात गुन्हा रायगडात नोंदला जातो, उपचार मुंबईत होतात, वारस रत्नागिरीत असतात. दावा अपघाताच्या ठिकाणी, स्वतः राहतो किंवा व्यवसाय करतो त्या ठिकाणी, किंवा समोरचा पक्ष राहतो तिथे, यांपैकी कुठेही करता येतो; अलिबागला खेपा घालण्याची सक्ती नाही. हे कुटुंबाला सांगणारे कोणी नसते. पनवेलच्या पुढे गेलेल्या रुग्णाचे कागद आणि माणगावच्या पोलीस ठाण्यातील गुन्हा यांची सांगड घालणारेही कोणी नसते. महामार्गाचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि इतक्या वर्षांनंतरही काही टप्पे अर्धवट आहेत. रस्ता पुरा होईपर्यंत, आणि झाल्यानंतरही, हे तुटलेले दुवे जोडणे हे जिल्हा प्रशासनाचेच काम राहणार आहे.

पंचनाम्यातल्या एका ओळीवर किती अवलंबून असते याचे एक उदाहरण किनाऱ्यावरच्या रोजच्या जगण्यातले आहे. पहाटे बंदरावर मासळी घेऊन कोळणी टेंपोने बाजाराला जातात. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाला विमा कंपनी देणे लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात ठरवले आहे. पण कलम १४७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीपासून गाडीत माल घेऊन जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी विम्याच्या संरक्षणात येतो. तेव्हा टेंपो उलटला आणि पंचनाम्यात ‘टेंपोत काही महिला प्रवासी होत्या’ एवढेच लिहिले, तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई टेंपोमालकाच्या कुवतीवर येऊन थांबते. त्याच पंचनाम्यात कोणाची टोपली होती, किती मासळी होती, ती बाई केबिनमध्ये बसली होती की मागे, हे लिहिले गेले, तर तिचा दावा उभा राहतो. न्यायालये बसण्याची जागासुद्धा पाहतात, म्हणून नोंद खरी आणि नेमकी हवी. बाईच्या बाजूने खोटे लिहा असे कोणी म्हणत नाही. तिच्या उत्पन्नाचेही तेच. पगारपत्रक नसले तरी बाजाराची पावती, मच्छीमार सहकारी संस्थेचे ओळखपत्र, बर्फाच्या कारखान्याचा हिशेब यांतून कमाई दाखवता येते. आणि जी बाई बाहेर कमावत नाही, तिच्या घरकामाला आर्थिक मूल्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाने कीर्ती खटल्यात जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा ठासून सांगितले आहे. या नोंदी कोणत्या ठेवायच्या हे टेंपो उलटल्यानंतर कळून उपयोग नाही. ती माहिती बंदरांवर, मच्छीमार संस्थांच्या फलकांवर आधीच असायला हवी.

आता आपल्या स्वतःच्या खुर्चीविषयी. धडक देऊन पळून गेलेल्या अनोळखी वाहनाच्या बळींसाठी २०२२ ची योजना आहे : मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. तिच्यात प्रांत किंवा तहसीलदार चौकशी अधिकारी आणि जिल्हाधिकारी दावा निकाली काढणारे आयुक्त असतात. रक्कम लहान आहे, पण दुसरा कोणताही प्रतिवादी नसलेल्या कुटुंबाला तेवढाच आधार असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ जानेवारी २०२४ च्या राजशेखरन निकालात सरकारचेच आकडे दिले आहेत : २०२२ या एका वर्षात देशात असे ६७ हजारांहून अधिक अपघात नोंदले गेले, आणि आधीच्या पाच वर्षांत मिळून भरपाई पोहोचली ती ६६० मृत्यू आणि ११३ जखमींच्या प्रकरणांत. योजना आहे, निधी आहे, आणि मागणाराच नाही. न्यायालयाने म्हणूनच सांगितले की महिन्याभरात वाहन सापडले नाही तर पोलिसांनी पीडिताला या योजनेची लेखी माहिती द्यावी, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, चौकशी अधिकारी आणि किमान उपअधीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी यांच्या समितीने किमान दोन महिन्यांतून एकदा आढावा घ्यावा. रात्रीच्या अंधारात कर्नाळा खिंडीत, सुकेळी खिंडीत किंवा अलिबाग रस्त्यावर सायकलस्वार आणि पायी चालणारे कातकरी उडवले जातात. त्यांच्या वाडीवर पोहोचणारा सरकारी माणूस बहुधा तलाठीच असतो, आणि तो आपल्याच यंत्रणेतला आहे.

याला काही आक्षेप घेतले जातील आणि ते गांभीर्याने घ्यावेत असे आहेत. पहिला असा की भरपाईची एवढी जाहिरात केली तर खोटे दावे वाढतील. बनावट मोटार दाव्यांची प्रकरणे घडली आहेत आणि उत्तर प्रदेशात त्यांच्या तपासासाठी विशेष पथक नेमावे लागले, हे खरे आहे. पण खोटा दावा कसा रचला जातो ते पाहावे. घटनेनंतर कित्येक महिन्यांनी वाहन ‘सापडते’, साक्षीदार उगवतात, मागच्या तारखेचे प्रमाणपत्र निघते. म्हणजे खोटेपणाही सुरुवातीच्या कागदांच्या पोकळीतच वाढतो. ४८ तासांत गेलेला अहवाल, पंधराव्या दिवशीची फेरतपासणी, वेळेवर काढलेले फोटो या गोष्टी खऱ्या जखमीला जितक्या उपयोगी तितक्याच खोट्याला अडचणीच्या आहेत. विमा कंपन्यांनीसुद्धा या मागणीला पाठिंबा द्यावा.

दुसरा आक्षेप ताणाचा. पोलीस ठाण्यांत माणसे कमी आहेत, शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी अलिबाग आणि काशीद भरून जातात, मग हे सगळे कोण करणार? ही अडचण मी खरी मानतो. पण नमुना क्रमांक २ देणे हे तपासाचे काम नाही. तो छापील कागद रुग्णालयातून सुट्टी देतानाही हातात ठेवता येतो. फेरतपासणीसाठी प्रत्येक जखमीला बोलावण्याची गरज नाही. सुट्टीच्या कागदावर ‘१५ दिवसांत दुखणे कमी झाले नाही तर हाच कागद घेऊन परत या, तपासणीची नोंद याच क्रमांकावर होईल’ एवढे वाक्य पुरे. उरलेल्या कामासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक आहेत. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. या किनाऱ्यावरच्या अपघातग्रस्तांतले किती जण त्यात बसतात ते सांगायला नको. वकिलाने निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवून फी घेणे बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही, हेही लोकांना माहीत हवे. दवाखान्याच्या दारात वकीलपत्रावर सही मागणाऱ्यांना यातून आपोआप आळा बसेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. भरपाईचे काय घेऊन बसलात, आधी रस्ता करा, खड्डे बुजवा. रस्ता तर झालाच पाहिजे. पण हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ नुसार रस्त्याच्या आराखड्यात, बांधणीत किंवा देखभालीत ठरलेली मानके न पाळणाऱ्या यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात खड्ड्यांमुळे झालेल्या मृत्यूसाठी ६ लाख आणि दुखापतीसाठी ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली, आणि महापालिकांबरोबर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण व सार्वजनिक बांधकाम विभागाचाही त्यात उल्लेख केला. एकट्याच दुचाकीस्वाराचे चाक खड्ड्यात गेले तर समोर दुसरे वाहनच नसते आणि कलम १६६ चा रस्ता बंद होतो. अशा माणसाला हा आदेश, आणि गाडीच्या विम्यात मालक-चालकाचे वैयक्तिक अपघात संरक्षण घेतले असेल तर ते, जे नव्या नियमांनुसार १५ लाखांचे असते, एवढेच उरते. पण त्या आदेशाचा आधार घ्यायचा तर पंचनाम्यात खड्डा लिहिलेला असायला हवा. त्याची लांबी, खोली, बाजूला सूचनाफलक किंवा दिवा होता की नाही, वळणमार्गाचे पट्टे रंगवलेले होते की नाही. ‘चालकाचा वाहनावरील ताबा सुटला’ हे एक वाक्य लिहिले की रस्त्याची जबाबदारी तिथेच संपते, कंत्राटदार सुटतो, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी दुसऱ्याचा ताबा सुटतो. दर वेळी खड्डा कागदावर आला आणि त्याची किंमत संबंधित खात्याच्या हिशेबात पडली, तर तो बुजवण्याची घाई त्या खात्यालाच होईल.

मोफत उपचारांच्या नव्या योजनेबाबत थोडक्यात. ५ मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचार मिळतात, पण अपघातापासून सात दिवसच. मुका मार आठव्या दिवशी उघड झाला तर खर्च घरचा. म्हणून संशय असेल तिथे सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन पहिल्याच आठवड्यात होणे हे वैद्यकीय दृष्ट्या आवश्यक आहेच, आर्थिकदृष्ट्याही तेवढेच आहे. आणखी एक धोका विमा कंपनीच्या घाईत आहे. कलम १६४ ची ठरावीक रक्कम कलम १४९ च्या तडजोडीने स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपुष्टात येतो. उपचाराच्या बिलांखाली दबलेले कुटुंब अडीच लाखांवर सही करते आणि सोळा लाखांचा हक्क सोडून देते. सही करण्यापूर्वी विधी सेवेच्या वकिलाचा सल्ला घ्या, हे वाक्य नमुना क्रमांक २ च्या मराठी प्रतीवर ठळक अक्षरांत हवे.

किनारपट्टीवर काही वाहतूक पाण्यातूनही चालते आणि तिथे चित्र अधिकच धूसर आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि पंधरा जणांचा बळी गेला. घारापुरी बेट आपल्याच उरण तालुक्यात आहे. त्या अपघाताची चर्चा बुडण्याची झाली, लाइफ जॅकेटांची झाली, आणि ती योग्यच होती. पण धडकेत माणसे आपटतातही, आणि वाचलेल्यांच्या अशा दुखापतींची भरपाई कुठे मागायची याची चर्चा फारशी झाली नाही. मोटार वाहन कायदा पाण्यावर चालत नाही, म्हणून दावा प्राधिकरणाचा तुलनेने सोपा मार्ग बोटीच्या प्रवाशाला उपलब्ध नाही. तिकीट काढलेला प्रवासी ग्राहक असतो, तेव्हा त्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जाता येते, किंवा दिवाणी दावा करता येतो. मांडवा, रेवस, आगरदांडा, दिघी, राजपुरी इथल्या फेऱ्या आणि वरसोली, नागाव, काशीद इथले बनाना बोट-पॅरासेलिंगचे खेळ यांना हाच नियम लागू आहे. पाण्यावर वेगात आपटणाऱ्या बोटीत कमरेला बसलेला धक्का रस्त्यावरच्या धक्क्याहून सौम्य नसतो. ‘जे होईल त्याची जबाबदारी माझी’ अशा छापील कागदावर पर्यटकाची सही घेतली म्हणून चालकाचा निष्काळजीपणा माफ होत नाही. अन्याय्य करार ही संकल्पना त्याच कायद्यात आहे. पण खेळ संपल्यावर तिकिटाची पावती, बोटीचा क्रमांक आणि किनाऱ्यावर पोलिसांकडे केलेली नोंद यांतले काही उरत नाही. मासेमारी करणाऱ्या खलाशांसाठी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतला गट अपघात विमा आहे, मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला ५ लाख आणि कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख. तिथेही गाडे पुन्हा अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरच येऊन अडते.

वर जे लिहिले त्यासाठी नवा कायदा लागत नाही आणि फारसा खर्चही लागत नाही. पोलीस अधीक्षक, जिल्हा शल्यचिकित्सक आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची एक बैठक आपण घ्यावी. नमुना क्रमांक २ ची सोपी मराठी प्रत जिल्ह्यातील प्रत्येक शासकीय रुग्णालयात आणि महामार्गावरच्या खासगी रुग्णालयांत ठेवावी. ‘साधी दुखापत’ असा शेरा १५ दिवसांपर्यंत तात्पुरता मानून अंतिम अभिप्रायाची वेगळी जागा प्रमाणपत्रावर करून द्यावी. अपघाताच्या पंचनाम्यात रस्त्याची स्थिती आणि मालवाहू गाडीतील प्रवाशांचा माल हे दोन रकाने सक्तीचे व्हावेत. प्रत्येक तहसीलदाराने आपल्या हद्दीतील अज्ञात वाहनांच्या गुन्ह्यांची यादी दर महिन्याला मागवून, त्यांतल्या किती घरांतून अर्ज आला हे शेजारी लिहावे, आणि जिथून आला नाही तिथे तलाठ्याला पाठवावे. बंदरांवर आणि जलक्रीडेच्या ठिकाणी बोटचालकाचे नाव, बोटीचा क्रमांक, विम्याचा तपशील आणि तक्रारीची जागा दाखवणारे फलक महाराष्ट्र सागरी मंडळाकडून लावून घ्यावेत.

दर वर्षी श्रावण लागला की गणेशोत्सवाच्या वाहतूक नियोजनाच्या बैठका होतात. अवजड वाहनांची बंदी, मदत केंद्रे, रुग्णवाहिका, क्रेन असे सगळे त्यांत ठरते. येत्या वर्षीच्या त्या बैठकीत महामार्गावरच्या प्रत्येक मदत केंद्रावर नमुना क्रमांक २ आणि विधी सेवेचा एक स्वयंसेवक ठेवण्याचा विषय घ्यावा आणि त्यावर झालेला निर्णय लोकांना कळवावा, ही विनंती.

कळावे.

आपल्याच जिल्ह्यातील एक नागरिक